बारा लाख करमुक्त म्हणे! पण मे महिन्यात रिटायर होणाऱ्या उद्यमबागच्या माणसानं काय करायचं?

उद्यमबागकर | ८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय. धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

येत्या मे महिन्यात मला ५८ पूर्ण होतात. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत जून १९९७ पासून आहे. मोल्डिंगला लागलो, आता सुपरवायझर. घर अनगोळला, स्वतःचं, वर पत्रा. बायको घरीच असते, शिलाईचं थोडं करते. मुलगा पुण्यात आयटीत, मुलगी कॉलेजला.

फेब्रुवारीत अर्थसंकल्प झाला त्या दिवशी कँटीनमध्ये टीव्ही लावलेला. बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हटल्यावर आमच्या मॅनेजरांनी टाळी वाजवली. आम्ही पण वाजवली. जेवण झाल्यावर लक्षात आलं, आपला टॅक्स पहिल्यापासूनच शून्य आहे.

आता माझा हिशोब. पीएफ साधारण १९ लाख. ग्रॅच्युइटी: बेसिक-डीए २४,००० धरून, २९ वर्षं, म्हणजे ४ लाख १ हजार ५३८. (हा आकडा मी तीनदा काढलाय.) पीएफची पेन्शन साडेचार हजारांच्या आत बसेल असं सेक्शनमधला पोरगा म्हणतो. बायकोला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० येतात, कधी दोन महिन्यांचे एकदम, कधी नाहीच. घरखर्च काटकसर करून २६,०००.

प्रश्न असे:
या २३ लाखांचं काय करू? मुलगा म्हणतो ८ लाख फ्लॅटच्या डाउन पेमेंटला द्या. मेहुणा म्हणतो वर माडी चढवा, भाडं येईल. गल्लीतला पिग्मीवाला (रोज दारात येऊन ठेव गोळा करणारा) म्हणतो क्रेडिट सोसायटीत टाका, ११ टक्के देतो.
आणि दुसरं, व्याज सुरू झालं, रिटर्न भरला, तर बायकोची गृहलक्ष्मी बंद होते का?

---

गणपतगल्ली | ८ नोव्हेंबर, रात्री १०.०५

काका, धागा झकास. आधी एकच सांगतो, पिग्मीवाल्याला चहा पाजा, पैसे देऊ नका. बाकीचं उद्या लिहितो, दुकान आवरतोय.

---

हिशोबनीस | ८ नोव्हेंबर, रात्री ११.२०

मी टॅक्सच्या ऑफिसात आर्टिकलशिप केली, परीक्षा सोडली, पण कामात तीच वर्षं गेली. तुमच्या प्रश्नावर क्रमानं लिहितो.

पीएफ आणि ग्रॅच्युइटीवर टॅक्स नाही. ग्रॅच्युइटीला २० लाखांपर्यंत माफी आहे, तुमचे चार. शिल्लक रजेचे पैसे मिळणार असतील तर तेही २५ लाखांपर्यंत माफ. खाजगी नोकरीवाल्यांसाठी ही मर्यादा २०२३ च्या अर्थसंकल्पात ३ लाखांवरून वाढवली. म्हणजे हातात येणाऱ्या रकमेची काळजी सोडा.

पुढचं महत्त्वाचं. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टातली. ६० वर्षांनंतर उघडते, हे सगळ्यांना माहीत. पण ५५ ते ६० मध्ये जो रिटायर होतो त्यालाही उघडता येते. अट अशी की रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडायची आणि त्याच पैशांतून उघडायची. आधी ही मुदत एकच महिना होती, २०२३ च्या नोव्हेंबरात तीन केली. मर्यादाही २०२३ च्या अर्थसंकल्पात १५ लाखांवरून ३० लाख झाली. व्याज ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी खात्यात जमा.

२० लाख टाकलेत तर वर्षाला १ लाख ६४ हजार. तिमाहीला ४१ हजार. महिन्याला भागून १३,६६६. त्यात पेन्शन साडेचार धरा, गृहलक्ष्मी दोन. वीस हजार होतात. सव्वीसला सहा कमी पडतात.

बारा लाखांची सूट तुम्हाला लागतच नाही. तुमच्यासारख्याला लागू होतो तो व्याजदर, आणि तो अर्थसंकल्पात ठरत नाही. पोस्टाच्या योजनांचे दर अर्थखातं दर तीन महिन्यांनी काढतं. यंदा रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी ते जून रेपो १ टक्क्यानं उतरवला, बँकांच्या ठेवींचे दर उतरले, पोस्टाचे ८.२ अजून टिकून आहेत. तुम्ही खातं उघडाल त्या दिवशीचा दर पाच वर्षं बांधला जातो. मे-जूनमध्ये काय असेल ते तेव्हा बघायचं.

---

सुभेदार_हिंडलगा | ९ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

जय हिंद. उद्यमबागकर, वर हिशोबनीसांनी लिहिलंय ते बरोबर आहे. १५एच फॉर्म (आपल्याला टॅक्स लागत नाही असं लिहून देण्याचा) विसरू नका, नाहीतर टीडीएस, म्हणजे व्याजातूनच टॅक्स कापतील. मी दर एप्रिलला पहिल्या आठवड्यात भरून देतो. या अर्थसंकल्पात ज्येष्ठांची व्याजावरची टीडीएस मर्यादा ५० हजारांवरून १ लाख केली, पण तुमचं व्याज १ लाख ६४ हजार म्हणजे त्याच्या वर.

मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला. परवा बँकेत रांगेत उभा होतो, माझ्यापुढे ८३ वर्षांचे हवालदार. मशीनवर त्यांचा अंगठा लागेना. शेतीत घासून रेषाच गेल्यात. शेवटी पोरीनं मोबाइलवर चेहरा दाखवून काम केलं. ऐंशीच्या वरच्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

---

हिशोबनीस | ९ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

साहेब, एक दुरुस्ती. १५एच साठ पूर्ण झालेल्यांसाठी. काका ५८ चे, त्यांना दोन वर्षं १५जी भरावा लागेल, आणि त्यांची टीडीएस मर्यादाही १ लाखाची नाही, ५० हजारांची (यंदाच ४० वरून ५० झाली). १५जीला अट जास्त: टॅक्स शून्य हवा, शिवाय असं सगळं व्याज मिळून करमाफ मर्यादेच्या आत हवं. नव्या कर पद्धतीत ती ४ लाख आहे, काकांचं १ लाख ६४ हजार, म्हणजे चालतं.

आणखी एक. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय. 'आकारणी वर्ष' जाऊन नुसतं 'कर वर्ष' येणार, कलमांचे आकडेही बदलणार. काका मे मध्ये काउंटरवर जातील तेव्हा फॉर्मवर वेगळा नंबर दिसला तर परत फिरू नये. काम तेच असेल.

---

सुभेदार_हिंडलगा | ९ नोव्हेंबर, सकाळी ९.४१

मान्य. १५जी. नोंद घेतली.

---

शहापूरची_लेक | ९ नोव्हेंबर, दुपारी १.१०

मी फार लिहीत नाही पण पिग्मीवाल्याचं वाचून राहवेना.

मिस्टर २०१७ ला गेले. त्यांच्या फंडाचे सहा लाख होते. आमच्या भागात एका सोसायटीचा पोरगा रोज संध्याकाळी यायचा, दुकानातून पन्नास-शंभर पिग्मी न्यायचा. घरातलाच झालेला. सासूबाईंच्या तेराव्याला पंगतीत वाढायला उभा होता. त्यानं सांगितलं, वहिनी, बँकेत सात मिळतात, आमच्याकडं अकरा. चेअरमन आपल्याच माणसांतले. टाकले. अडीच वर्षं व्याज वेळेवर आलं. मग एक दिवस शटर खाली, बाहेर कागद चिकटवलेला, कन्नडमध्ये. शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला. आजवर सहातले एक लाख दहा हजार परत आलेत, तेही तीन हप्त्यांत. तो पोरगा आता भेटला की मान खाली घालून जातो. त्याचेही आईचे पैसे त्यातच अडकलेत, म्हणून त्याला बोलवत नाही.

काका, टाकू नका.

---

गणपतगल्ली | ९ नोव्हेंबर, दुपारी २.००

ताई, वाईट वाटलं. हेच मला काल लिहायचं होतं.

लोक 'सहकारी' एवढा शब्द बघतात आणि सगळं एकच समजतात. सहकारी बँक वेगळी, क्रेडिट सोसायटी वेगळी. ठेव विमा आहे तो बँकांना, त्यात सहकारी बँकाही आल्या. एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत. २०२० च्या अर्थसंकल्पात ही रक्कम १ लाखावरून ५ केली. सोसायटीला हा विमा नाही. पासबुक सारखंच दिसतं, काउंटरही तसाच, आत बसलेले पण आपलेच. बुडाली की सहकार खात्याच्या फेऱ्या.

सगळ्या सोसायट्या वाईट असं मी म्हणत नाही. माझं दुकान एका सोसायटीच्या कर्जावरच उभं राहिलं, बँकेनं दारात उभं केलं नव्हतं. पण कर्ज घेणं वेगळं आणि म्हातारपणाचा सगळा पैसा ठेवणं वेगळं. पिग्मीत महिन्याला पाचशे-हजार जाऊ देत, गणपतीच्या वर्गणीला होतात.

---

मॅडम_२००८ | ९ नोव्हेंबर, रात्री ८.२०

थोडं वेगळं. मी सरकारी शाळेत, २००८ ची नेमणूक. कर्नाटकात १ एप्रिल २००६ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस (बाजारावर अवलंबून असलेली नवी पेन्शन). माझी बहीण गडहिंग्लजला, जिल्हा परिषदेत. तिकडे तीच रेघ १ नोव्हेंबर २००५ ला मारलेली. तिच्या शाळेतले एक गुरुजी डिसेंबर २००५ मध्ये लागले, ते बाहेर. त्याच महिन्यात बेळगावात लागले असते तर आत. दोन घरांच्या मधून एक ओढा जातो, ओढ्याच्या अलीकडे पेन्शन, पलीकडे शेअर बाजार.

त्यात ती ५८ ला रिटायर होणार, मी ६० ला. दिवाळीत आम्ही दोघी फराळ करत बसलो होतो आणि हाच विषय. ती म्हणते तुझा पगार बरा. खरंय, सातव्या राज्य वेतन आयोगानं गेल्या वर्षी १ ऑगस्टपासून २७.५ टक्के वाढ दिली. पण पेन्शन किती हे मला कुणीच सांगू शकत नाही. माझे १० टक्के जातात, सरकार १४ घालतं, साठाव्या वर्षी जे साठेल त्यातून काय ते. केंद्रानं एप्रिलपासून यूपीएस (हमीची पेन्शन) आणली, २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मी. महाराष्ट्रानंही गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तिला मंजुरी दिली. आम्ही आश्वासनं ऐकतोय.

उद्यमबागकर काका, तुमच्या साडेचार हजारांचं मात्र मला कळलं नाही. २९ वर्षं नोकरी आणि एवढीच?

---

शिनोळी_रिटर्न | ९ नोव्हेंबर, रात्री ९.०५

मॅडम, मी सांगतो. सीमेपलीकडे शिनोळीत १४ वर्षं काम, राहायला बेळगावातच. (माझा व्यवसाय कर महाराष्ट्राला जायचा, फेब्रुवारीत २०० ऐवजी ३००. इथले मित्र हसायचे. यंदापासून कर्नाटकानंही फेब्रुवारीचे ३०० केले. आता मी हसतो.)

पेन्शन पूर्ण पगारावर धरत नाहीत. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला पगार कितीही असो ६,५०० ची मर्यादा, त्यानंतर १५,००० ची. वर्षं गुणिले ही रक्कम भागिले ७०. काकांची १७ वर्षं साडेसहा हजारानं आणि १२ वर्षं पंधरा हजारानं: १,५७९ अधिक २,५७१, म्हणजे ४,१५०. वीस वर्षांच्या वर सेवा म्हणून दोन वर्षं बोनस मिळतात. तो पोरगा बरोबर सांगतोय.

किमान पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४ पासून तीच. तेव्हापासून अकरा-बारा अर्थसंकल्प झाले. ७,५०० ची मागणी घेऊन म्हातारी माणसं दिल्लीला जाऊन येतात. १,००० रुपयांत आज काय येतं? नंदिनीचं दूध एप्रिलमध्ये लिटरला ४ रुपयांनी वाढलं. बसचं भाडं जानेवारीत इकडे १५ टक्के वाढलं, तिकडच्या एसटीनं त्याच महिन्यात जवळपास तेवढंच वाढवलं. यात तरी दोन्ही राज्यांचं एकमत.

---

अनामिक_खानापूर | ९ नोव्हेंबर, रात्री ९.५०

ह्याच्यासाठीच म्हणतोय, महाराष्ट्रात गेल्याशिवाय सुटका नाही. तिकडं लाडकी बहीण, तिकडं एसटी हाफ तिकीट, सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजनेतून उपचार देतो म्हणाले तर इकडच्यांनी विरोध केला. १ तारखेला काळ्या दिनाच्या फेरीला किती जण आला होता ते सांगा आधी.

---

गणपतगल्ली | ९ नोव्हेंबर, रात्री १०.०२

मी होतो फेरीत. आणि इथं गृहलक्ष्मी २,००० आहे, तिकडं १,५००. माझी चंदगडची मेहुणी हेच बोलून दाखवते. तुम्ही दोन्हीकडून घ्याल.

---

व्यवस्थापक | ९ नोव्हेंबर, रात्री १०.१५

सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, खटलाही २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आज रात्रीत सुटणार नाही. कृपया काकांच्या २३ लाखांवर या.

---

तिसरी_गल्ली | १० नोव्हेंबर, सकाळी ११.००

गृहलक्ष्मीचं कुणी सांगितलंच नाही. मी सांगते, माझ्या जावेचं झालंय.

नियम असा की बाई किंवा तिचा नवरा आयकर भरणारा किंवा जीएसटी रिटर्न भरणारा नसावा. नुसता आयकराचा रिटर्न फाईल केला आणि टॅक्स शून्य, तर तो करदाता झाला असं नाही. पण काउंटरवर फरक करतील याची खात्री नाही. जावेच्या नवऱ्याचं छोटं स्टेशनरीचं दुकान होतं, जीएसटी नंबर २०२१ मध्येच रद्द केलेला. तरी यादीत 'जीएसटी' म्हणून आलं आणि पैसे थांबले. एका कार्यालयात चार फेऱ्या. पहिल्यांदा रद्द केल्याचा कागद नेला, तर म्हणे शिक्का नाही. दुसऱ्यांदा साहेब रजेवर. तिसऱ्यांदा सांगितलं कन्नडात अर्ज द्या. चौथ्यांदा घेतलं. मधले हप्ते गेले ते गेलेच.

तेव्हा काका, रिटर्न भरलात तर त्याची पोच आणि टॅक्स शून्य दाखवणारा कागद, दोन्हींच्या झेरॉक्स काढून ठेवा.

---

हिशोबनीस | १० नोव्हेंबर, दुपारी १२.३०

ताईंचं बरोबर. आणि काकांना बहुधा रिटर्न भरायची वेळच येणार नाही. दोन महिन्यांचा पगार, पेन्शन, व्याज, सगळं मिळून ४ लाखांच्या आत. सक्ती त्याच्या वर गेलं तरच. १५जी चुकला आणि टीडीएस कापला गेला तर मात्र परत मिळवायला भरावा लागेल.

उलट ज्यांचं उत्पन्न सात-आठ लाख आहे त्यांनी नीट ऐका. 'बारा लाख माफ' म्हणजे रिटर्न माफ नाही. टॅक्स निघतो आणि मग ६० हजारांपर्यंतच्या सवलतीनं शून्य होतो, आणि ते रिटर्न भरूनच दाखवायचं असतं. जमीन-फ्लॅट-शेअर विकून आलेल्या नफ्याला ही सवलत लागत नाही. गेल्या महिन्यात एक निवृत्त गृहस्थ आले, पेन्शन पाच लाख, फ्लॅटचा नफा वेगळा, आणि म्हणाले मी तर बाराच्या आत.

---

टिळकवाडी_जुनी | १० नोव्हेंबर, सायंकाळी ६.४०

फ्लॅटचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

२०१२-१३ मध्ये २५ लाखांना घेतलेला फ्लॅट या ऑगस्टमध्ये ५० ला विकला. गुडघे गेले, तिसरा मजला, लिफ्ट नाही. एजंट म्हणाला, २०२४ च्या जुलैतल्या अर्थसंकल्पात महागाईची वजावट काढली, आता सरळ १२.५ टक्के. २५ लाख नफा, ३ लाख १२ हजार ५०० टॅक्स. मी भरायच्याच तयारीत होते. भाच्यानं सांगितलं थांब मावशी. त्या बदलावर ओरड झाल्यावर ऑगस्टमध्ये दुरुस्ती झाली: २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर किंवा जमीन असेल तर दोन्ही पद्धतींनी काढायचं, कमी येईल तेवढाच टॅक्स. महागाई निर्देशांक तेव्हा २००, यंदा ३७६. म्हणजे माझे २५ लाख झाले ४७. नफा ३ लाख, त्याचे २० टक्के ६० हजार. वर सेस.

अडीच लाखांचा फरक. त्यातून एक गुडघा बदलून झाला.

---

येळ्ळूरचा_पाटील | १० नोव्हेंबर, रात्री ८.१०

मावशी, मग शेतजमिनीला पण हेच का? चुलत्यांची २८ गुंठे विकायचं चाललंय. पूर्वी शेतजमिनीला टॅक्सच नाही म्हणायचे.

---

हिशोबनीस | १० नोव्हेंबर, रात्री ९.००

'ग्रामीण' शेतजमिनीला नाही, अजूनही नाही. पण गाव खेडं आहे म्हणून जमीन ग्रामीण होत नाही. शहराची लोकसंख्या १ ते १० लाख असेल तर हद्दीपासून ६ किलोमीटरपर्यंतची जमीन शहरी धरतात. बेळगाव त्यात येतं. आणि अंतर रस्त्यानं नाही, सरळ हवाई. बसनं नऊ किलोमीटर असलेलं शिवार नकाशावर पाचात येऊ शकतं. व्यवहाराआधी मोजून घ्या, उताऱ्यावर गावाचं नाव बघून निर्णय नको. जुनी वडिलोपार्जित जमीन असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. अशा जमिनींना बऱ्याचदा १२.५ टक्केच स्वस्त पडतो, मावशींच्या उलट. दोन लाखांची जमीन चाळीसला गेली तर जुन्या पद्धतीनं साडेसहा लाखांच्या जवळ, नव्यानं पावणेपाच.

---

पुण्याचा_मुलगा_नव्हे | ११ नोव्हेंबर, रात्री ११.३०

मी काकांचा मुलगा नाही, पण मीही बेळगावचा, पुण्यात आयटीत, आणि बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत. म्हणून मुलाच्या बाजूनं दोन शब्द.

आम्ही आई-बाबांचा आरोग्यविमा भरायचो, त्यात वजावट मिळायची, ज्येष्ठांसाठी ५० हजारांपर्यंत. घराच्या कर्जाच्या व्याजाची २ लाख, घरभाड्याची वेगळी. नव्या पद्धतीत हे सगळं गेलं, आणि दर इतके उतरवलेत की जुन्यात राहणं परवडत नाही. ऑफिसात एक जण मोठ्यानं म्हणाला, आता पेरेंट्सची पॉलिसी कशाला? मला राग आला. पण घरी येऊन मी स्वतः रिन्युअलचा मेल आठ दिवस उघडला नाही, हेही खरं.

नंतर भरली. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. बाबांच्या ३८ हजारांच्या हप्त्यावर ६,८४० वाचले. काका, तुमचा आणि काकूंचा विमा आहे का? कंपनीचा ग्रुप विमा असेल तर तो मे मध्ये संपतो. आठ लाखांच्या आधी मुलाकडून हे करून घ्या.

डाउन पेमेंटचं म्हणाल तर, वडिलांनी मुलाला दिलेल्या पैशावर टॅक्स नाही, पण तेवढं एकच कारण पुरत नाही. आठ लाख म्हणजे तुमचे महिन्याचे साडेपाच हजार. मी मुलगा असून सांगतो, देऊ नका.

---

सुभेदार_हिंडलगा | १२ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

शाबास.

माडीबद्दल: पत्र्यावर स्लॅब, जिना, संडास-बाथरूम, लाइटचं वेगळं मीटर, दहा लाख कुठंच जात नाहीत. अनगोळात दोन खोल्यांना पाच-सहा हजार भाडं. वर भाडेकरू सांभाळा, पाणी सोडा. मी केलंय. दोन वेळा रिकामं राहिलं. पोस्टात ८.२ टक्क्यांनी झोप लागते.

माझे वडील ९१. पंच्याहत्तरच्या वर, पेन्शन आणि व्याज एकाच बँकेत असेल तर बँकच टॅक्स कापते, रिटर्न भरावा लागत नाही. एक फॉर्म द्यावा लागतो. २०२१ पासून आहे हे. ज्यांच्या घरी कुणी असेल त्यांनी बघावं. आणि आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा २८ ऑक्टोबरला मंजूर झाली. अहवालाला १८ महिने आहेत. आत्तापासून व्हॉट्सॲपवर पेन्शनचे तक्ते फिरतायत, त्यावर कर्ज काढू नका.

---

उद्यमबागकर | १२ नोव्हेंबर, रात्री १०.१०

सगळ्यांचे आभार. एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. हिने सगळं वाचून घेतलं माझ्याकडून. शहापूरच्या ताईंचं दोनदा वाचायला लावलं.

एक विचारतो. कारखान्यात बोलतायत की ऑक्टोबरात पीएफचे नियम बदलले, २५ टक्के आत अडकून राहणार. खरं का? मग १९ चे १४ च होतील.

---

शिनोळी_रिटर्न | १२ नोव्हेंबर, रात्री १०.२५

ते नोकरीत असताना काढणाऱ्यांसाठी. ५५ नंतर रिटायर होणाऱ्याला पूर्ण मिळतो. कारखान्यातल्यांना पण सांगा, दोघं-तिघं घाबरून आत्ताच ॲडव्हान्स काढायला बसले असतील.

---

गणपतगल्ली | १३ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

काका, वीस पोस्टात टाकायचं म्हणताय तर एक लक्षात ठेवा. वर्षाच्या आत मोडलं तर व्याज परत घेतात, दोन वर्षांच्या आत दीड टक्का कापतात, पुढं एक टक्का. मुलीचं लग्न मनात असेल तर ते पैसे त्यात घालू नका. दोन-तीन लाख बँकेत साध्या ठेवीत ठेवा, मोडायला सोपे. बँकेत आता चार नॉमिनी लावता येतात, या १ तारखेपासून.

---

तिसरी_गल्ली | १३ नोव्हेंबर, सायंकाळी ५.००

आणि शिलाईचं? काकू सहा हजारांची तूट भरून काढतील की. अनगोळात ब्लाऊजला साडेतीनशे घेतात. काकूंना विचारलं का कुणी?

---

उद्यमबागकर | १६ नोव्हेंबर, सकाळी ११.४५

विचारलं. ती म्हणाली, आत्ता महिन्याला चार हजारांचं करतेच, तुम्ही कधी मोजलं नाही.

आज रविवार, म्हणून सगळी कागदं जमिनीवर मांडून बसलो. मुलाला फोन केला होता काल. आठ लाखांचं मीच काढलं, नाही जमणार म्हणालो. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला विम्याचं बघतो.

चार नॉमिनीचं वाचून हिने विचारलं, तुमच्या पीएफला कोण आहे? मी म्हटलं तूच असणार. मुलीनं मोबाइलवर खातं उघडलं. आत काहीच भरलेलं नव्हतं. मग पेटीतनं १९९७ चा कागद काढला, कार्बन कॉपी, पिवळी पडलेली. त्यावर आमच्या आईचं नाव. आई २०११ ला गेली. माझं लग्न ९९ चं. सव्वीस वर्षं हा कागद त्या पेटीत आणि पेटीवर रोज टीव्ही बघितला.

ऑनलाइन नॉमिनेशन करायला बसलो. हिचा फोटो चढला. नाव मात्र पुढं जाईना, आधारवर अजून माहेरचं आहे, रेशन कार्डावर सासरचं, पासबुकात फक्त पहिलं नाव. आणि माझ्या आधारला जो मोबाइल नंबर जोडलाय तो मुलाचा, ओटीपी पुण्याला जातोय. तो जिमला गेलाय. थांबलोय.